स्पिन हवी की वेग? टेबल टेनिसचं रबर निवडण्याची रीत

रबराच्या पाकिटावर बहुधा तीन आकडे छापलेले असतात: स्पीड, स्पिन आणि कंट्रोल. त्यांच्यावर विसंबून रबर घेऊ नका. प्रत्येक कंपनीची मोजपट्टी तिची स्वतःची असते, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलनाच होत नाही. एकाच कंपनीची दोन रबरं शेजारी ठेवून पाहायची असतील तेव्हा तेवढे ते उपयोगी पडतात. शिवाय त्या आकड्यांमुळे असं वाटतं, की स्पिन आणि वेग ही तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेलं की दुसरं खाली येणारच. तसं नाही. आजची महागडी रबरं दोन्ही भरपूर देतात. आपल्याला तपासायचं असतं ते हे, की आपला फटका चेंडूला घासून जातो की सरळ भिडतो, आणि त्यात खरोखर किती जोर असतो. याचं उत्तर प्रामाणिकपणे दिलं तर निम्मी निवड तिथेच होते.

रबराच्या पोटात काय असतं

बहुतेक खेळाडू वापरतात ते रबर दोन थरांचं असतं. वर रबराची पातळ शीट, खाली स्पंज. शीटची गुळगुळीत बाजू बाहेर, आणि आतल्या बाजूला बारीक खुंट म्हणजे पिंपल्स, जे स्पंजला चिकटवलेले असतात. पकड शीटकडून येते, उसळी स्पंजकडून.

स्पंज किती फरक पाडतो हे जगाला मुंबईतच कळलं. १९५२ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत झाली आणि जपानच्या हिरोजी सातोने जाड स्पंजच्या बॅटने पुरुष एकेरीचं विजेतेपद पटकावलं. तोवर बहुतेक जण स्पंज नसलेल्या पिंपल्सच्या रबराने खेळायचे. फटक्याच्या आवाजावरून चेंडूचा जोर ओळखायची सवय झालेली, आणि सातोच्या बॅटचा आवाजच येत नव्हता. १९५९ मध्ये नुसता स्पंज नियमाबाहेर गेला आणि शीट, स्पंज व गोंद मिळून कमाल ४ मिलिमीटर ही मर्यादा आली. आजही तीच आहे.

चेंडू रबराला टेकतो तो वेळ साधारण एक हजारांश सेकंदाचा. तेवढ्यात दोन गोष्टी घडतात. चेंडू शीटवर न घसरता पकडला गेला, तर शीट बाजूला ताणली जाते, ताण सुटताना चेंडूला फिरवते, आणि स्पिन तयार होते. दुसरीकडे चेंडू स्पंजमध्ये दबतो आणि स्पंज त्याला परत फेकतो, हा वेग. घासून मारणाऱ्याला पहिल्या क्रियेचा जास्त फायदा, थेट मारणाऱ्याला दुसरीचा. स्पंज पुरेसा दबलाच नाही तर दोन्ही अर्धवट राहतात. म्हणूनच राष्ट्रीय खेळाडूचं कडक रबर क्लबमधल्या खेळाडूच्या हातात अनेकदा मंद आणि निर्जीव वाटतं. रबरात दोष नसतो, त्याला जागं करणारा जोर हातात नसतो.

पायरी पहिली: आपला खेळ मोजा

दुकानाकडे वळण्याआधी पाच गेम मोबाइलवर चित्रित करा. मग कागद घेऊन मांडणी करा: किती गुण टॉपस्पिनवर (चेंडूला पुढच्या दिशेने फिरवणारा फटका) मिळाले, किती ब्लॉकवर (समोरचा जोर नुसता अडवून परतवणं) किंवा काउंटरवर (हल्ल्याला हल्ल्यानेच उत्तर), किती स्मॅश किंवा सपाट ड्राइव्हवर, किती सर्व्हिसवर. गेलेल्या गुणांचीही नोंद घ्या, विशेषतः सर्व्हिस घेताना किती गेले याची. फोरहँड आणि बॅकहँडचे रकाने वेगळे ठेवा, कारण दोन्ही बाजूंना एकच रबर असलं पाहिजे असा काही दंडक नाही.

बॅकस्पिनवर, म्हणजे उलट्या फिरकीच्या चेंडूवर, लूप (खालून वर घासून मारलेला टॉपस्पिन) करून गुण येत असतील, सर्व्हिस फिरवून पुढचा चेंडू उचलायची सवय असेल, तर त्या बाजूला स्पिनकडे झुकणारं रबर. टेबलाला चिकटून ब्लॉक, काउंटर, सपाट फटका हा खेळ असेल, तर वेगाकडे झुकणारं, पण फार चिकट नसलेलं. आणि सर्व्हिस घेतानाच निम्मे गुण जात असतील तर थांबा. जे रबर तुमच्या फटक्याला जास्त स्पिन देतं, तेच समोरच्याच्या स्पिनलाही जास्त प्रतिसाद देतं. पकड दोन्ही बाजूंनी काम करते. अशा खेळाडूने अतिपकडीचं रबर घेतलं की रिसिव्ह हवेत उंच उठतात किंवा बाजूला उडून जातात. नेमकं याच कारणाने महाग रबर घेतल्यावर निकाल बिघडलेले दिसतात.

पायरी दुसरी: लाकडाकडे पाहा

रबर एकटं खेळत नाही. पाच थरांच्या लाकडी ब्लेडवर, म्हणजे बॅटच्या लाकडावर, चेंडू थोडा जास्त रेंगाळतो, कार्बन घातलेल्या ब्लेडवरून तो लवकर निघतो. कार्बन ब्लेड, जाड स्पंज आणि उसळतं रबर हे तिन्ही एकत्र आले की बॅट जवळच्या छोट्या फटक्यांत आवरत नाही. वेग हवा असेल तर तो एका ठिकाणाहून घ्या, लाकडातून किंवा रबरातून. क्लब पातळीवर पाच किंवा सात थरांचं पूर्ण लाकडी ब्लेड घ्यावं आणि वेगाचं काम रबराकडे द्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. नंतर खेळ वाढला तर रबर बदलता येतं, आणि हाताला बसलेलं ब्लेड वर्षानुवर्षं तेच राहू शकतं.

वजनही इथेच तपासा. कापून लावलेलं २ मिलिमीटरच्या आसपासचं मऊ रबर साधारण ४० ते ४५ ग्रॅम भरतं, कडक किंवा चिनी चिकट रबर ४८ ते ५२ ग्रॅम. ८८ ग्रॅमच्या ब्लेडवर दोन जड रबरं लावली तर बॅट १८४ ते १९२ ग्रॅमची होते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या मनगटाला हे जड पडतं. त्याने बॅट १७० ग्रॅमच्या आतबाहेर ठेवावी. मोठ्यांना १७५ ते १८५ सहसा चालते.

पायरी तिसरी: स्पंजची जाडी

१.५ ते १.८ मिलिमीटर हा नियंत्रणाचा पट्टा. चॉप करणारे (टेबलापासून मागे राहून चेंडू खाली कापत उलटी फिरकी देणारे) बचावात्मक खेळाडू आणि अगदी नवशिके इथे सुखी असतात. १.९ ते २.० मध्ये जवळपास सगळेच फटके नीट बसतात. शिकत असलेल्या, पण टॉपस्पिन सुरू झालेल्या खेळाडूने इथेच वर्ष काढावं. २.१ आणि त्यापुढचा मॅक्स (सगळ्यात जाड स्पंज) म्हणजे आक्रमकांचा पट्टा.

पातळ स्पंज म्हणजे जास्त स्पिन, ही समजूत अर्धीच खरी आहे. हलक्या, घासून केलेल्या फटक्यात फरक कमी जाणवतो. जोरात लूप केला की पातळ स्पंज पूर्ण दबतो, चेंडू लाकडाला जाऊन भिडतो, टणक आवाज येतो आणि चेंडूची कमान सपाट होते. जोराने लूप करणाऱ्याला म्हणून जाड स्पंजवरच जास्त स्पिन मिळते. मऊ रबर घेत असाल तर जाडी थोडी जास्त ठेवा, कडक घेत असाल तर एक पायरी कमी चालते.

पायरी चौथी: कडकपणा

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण अंश तीन वेगवेगळ्या पट्ट्यांवर मोजलेले असतात. जर्मनीत बनणाऱ्या बहुतेक रबरांचा आकडा एका पट्टीवर, चिनी रबरांचा दुसऱ्या, आणि बटरफ्लाय या जपानी कंपनीचा त्यांच्या स्वतःच्या. डबल हॅपिनेस या चिनी कंपनीच्या हरिकेन ३ वर ३९ अंश लिहिलेलं पाहून कोणी ते मऊ समजून उचललं तर फसतो. ते ३९ जर्मन पट्टीवरच्या ४७-५० किंवा त्याहूनही कडक रबरासारखं हाताला लागतं. बटरफ्लायच्या टेनर्जी ०५ वर ३६, डिग्निक्स ०५ वर ४०, डिग्निक्स ०९सी वर ४४. हे आकडे आपसांत तुलनेला ठीक, जर्मन ४७ शेजारी ठेवायला निरुपयोगी.

जर्मन पट्टीवर ४० ते ४५ मऊ. छोट्या हालचालीतही स्पंज दबतो, उसळी आपोआप मिळते, बॅकहँडला टेबलाजवळून फ्लिक (मनगटाचा छोटा झटका) सोपा जातो. पण पूर्ण ताकदीने मारल्यावर रबर एका मर्यादेपुढे काही देत नाही. ४५ ते ४८ मध्ये क्लब पातळीवरचे बहुतेक खेळाडू बसतात. ५० च्या पुढे कडक: जोर घालाल तितकं परत मिळतं, चेंडूवर जड स्पिन येते, आणि हात थकला की चेंडू जाळ्यात जाऊ लागतो. झिओम वेगा मालिकेत हा फरक छान जाणवतो. वेगा युरोप ४२.५ चं आहे, वेगा प्रो ४७.५ चं. पहिलं बॅकहँडला, दुसरं फोरहँडला लावणारे बरेच आहेत आणि ती जोडी अर्थपूर्ण आहे.

ओळखायची खूण सोपी आहे. पूर्ण जोराने लूप केल्यावर आवाज खोल आणि भरदार येत असेल तर स्पंज दबतोय. चुटकीसारखा वरवरचा आवाज आला आणि चेंडू जाळ्याच्या वरच्या पट्टीला लागू लागला, तर रबर तुमच्या जोरापेक्षा कडक आहे.

पायरी पाचवी: वरची शीट

पकड दोन प्रकारांनी मिळते. चिनी परंपरेतली शीट चिकट असते. चेंडू टेकवून बॅट उलटी केली तर तो क्षणभर लटकतो. हरिकेन ३, फ्रेंडशिप ७२९ ही या घराण्यातली. सर्व्हिस, छोटा पुश (उलट्या फिरकीने हलकेच ढकललेला चेंडू) आणि संथ लूप यांत ती जबरदस्त स्पिन देते, चेंडू टेबलावर छोटा ठेवणं सोपं जातं, मात्र वेग सगळा तुम्हालाच निर्माण करावा लागतो. फटका लांब, कमरेतून वळून मारलेला आणि पायांच्या जोरावरचा हवा. बॅकहँडच्या छोट्या झटक्यात ही शीट मंद पडते, म्हणून अनेक चिनी शैलीचे खेळाडू ती फक्त फोरहँडला लावतात.

जपानी-जर्मन शीट हाताला कोरडी लागते, पण ताणली जाते आणि पकडते. स्पंजमध्ये कारखान्यातच ताण भरलेला असतो, त्यामुळे उसळी न मागता येते. या घराण्यातही पिंपल्सच्या मांडणीने स्वभाव बदलतो. टेनर्जी ०५ चे पिंपल्स जाड आणि दाट असल्याने ते उंच कमान आणि जास्त स्पिन देतं. टेनर्जी ६४ चे विरळ असल्याने ते मऊ आणि वेगवान वाटतं. ८० या दोघांच्या मध्ये बसतं. नावात एकच शब्द असला तरी ही तीन निराळी रबरं आहेत, हे लक्षात ठेवलं तर दुकानदाराशी बोलणं सोपं होतं.

कमान म्हणजे फटक्यानंतर चेंडू कोणत्या कोनात वर निघतो ते. उंच कमानीचं रबर बॅकस्पिनवरचा लूप जाळ्यावरून सहज नेतं, पण ब्लॉक करताना बॅट जास्त बंद करावी लागते, नाहीतर चेंडू टेबलाबाहेर. सखल कमानीचं रबर ब्लॉक आणि सपाट फटक्यात सरळ रेषेत जातं. ब्लॉक हा तुमचा मुख्य फटका असेल तर स्पिनच्या मोहात उंच कमान घेऊ नका.

यापूर्वीचं क्लासिक घराणं म्हणजे बटरफ्लायचं स्रिव्हर आणि यासाकाचं मार्क व्ही. दोन्ही १९६० च्या दशकातली. ताण भरलेली नसल्याने उसळी बेताची, आणि नेमकी म्हणूनच शिकायला उत्तम. बॅट जेवढं सांगते तेवढंच रबर करतं. पहिली दोन वर्षं खेळणाऱ्या मुलाला यांपैकी एक १.८ किंवा २.० मध्ये दिलं तर फटका नीट घडतो. उसळत्या रबरावर मूल हात अर्ध्यात थांबवायला शिकतं, आणि ती सवय पुढे मोडताना फार त्रास होतो.

पिंपल्स बाहेर असलेली रबरं हा स्वतंत्र विषय आहे. मनिका बात्राने बॅकहँडच्या लांब पिंपल्सवर मोठ्या खेळाडूंची लय मोडली, पण ते पाहून नवशिक्याने तिकडे वळू नये. आधी दोन्ही बाजूंनी स्पिन करता यायला हवी.

काही जुळण्या

दोन्ही बाजूंनी टॉपस्पिन, मध्यम जोर: फोरहँडला ४७ च्या आसपासचं, बॅकहँडला ४२ ते ४५ चं, दोन्ही २.० किंवा २.१. फोरहँडला ताकदवान लूप आणि सर्व्हिसवर खेळ: फोरहँडला चिकट हरिकेन ३ (३९ अंश पुरे, ४१ चा हट्ट नको), बॅकहँडला मऊ उसळतं. टेबलाजवळचा ब्लॉकर: दोन्हीकडे सखल कमानीचं, मध्यम कडक, २.० च्या पुढे नाही. आठवड्यातून दोनदा खेळणारे पन्नाशीतले खेळाडू: मऊ, मध्यम उसळीचं, कारण खांद्यावर ताण न येता चेंडू टेबलापार गेला पाहिजे. जुळणी करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. ब्लेड, दोन्ही रबरं आणि जाडी एकदम बदलली की बिघाड कुठून आला ते कळायला मार्गच राहत नाही.

लावणं

१ सप्टेंबर २००८ पासून जुन्या, उडून जाणाऱ्या द्रावकांच्या ग्लूवर बंदी आहे, पाण्यावर आधारलेला गोंदच वापरायचा. नवं ब्लेड असेल तर आधी सीलर किंवा पातळ वॉर्निशचा एक हात द्या, नाहीतर रबर काढताना लाकडाच्या ढलप्या निघतात. स्पंजवर ३ ते ४ मिलिलिटर गोंद ओतून फोमच्या तुकड्याने एकाच दिशेने पसरवा. मागेपुढे घासलं की गोळे होतात. पांढरा रंग जाऊन पारदर्शक झाला की दुसरा थर. ब्लेडवर एक थर पुरतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात वाळायला दुप्पट वेळ लागू शकतो, पंख्याखाली ठेवा, हेअर ड्रायर नको. अर्धवट वाळलेल्या गोंदावर रबर लावलं तर मधे ओलसर फुगा राहतो आणि तेवढ्या जागेवर चेंडू मेल्यासारखा उसळतो.

रबरावरचं नाव आणि आयटीटीएफचा (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघ) शिक्का मुठीजवळ येईल असं धरा. मुठीच्या कडेपासून सुरुवात करून लाटण्याने न दाबता वर गुंडाळत न्या. ओढून ताणून लावलेलं रबर नंतर आक्रसतं आणि कडा उघड्या पडतात. पुस्तकांखाली तासभर ठेवा, मग उलट करून धारदार कात्रीने लांब कापांत कडेने कापा.

स्पर्धेत खेळायचं असेल तर एक बाजू काळी हवीच. दुसरी लाल, किंवा ऑक्टोबर २०२१ पासून निळी, हिरवी, गुलाबी, जांभळी चालते. रबर आयटीटीएफच्या मान्यताप्राप्त यादीतलं असावं आणि त्यावर नंतर बूस्टर तेल (स्पंज फुगवून उसळी वाढवणारं) लावलेलं नसावं. कारखान्यातून जसं आलं तसंच खेळायचं.

नवं रबर तपासणं

पहिल्या सत्रावर निकाल देऊ नका. तीन सत्रं, प्रत्येकी तासभर. पहिल्यात फक्त ड्राइव्ह आणि ब्लॉक, चेंडू कुठे पडतो ते पाहा. दुसऱ्यात बॅकस्पिनवर पन्नास लूप: जाळ्यात किती, बाहेर किती. तिसऱ्यात सर्व्हिस आणि रिसिव्ह. मग बॅटचा कोन न बदलता चुका वाचा.

ब्लॉक सतत बाहेर जात असतील तर कमान उंच किंवा स्पंज उसळता आहे. लूप जाळ्यात जात असतील तर कडकपणा जास्त, किंवा पकड कमी. छोटे पुश उंच बसत असतील तर जाडी एक पायरी कमी करा. टेबलापासून दोन मीटर मागे गेल्यावर चेंडू पोचत नसेल तर मऊ स्पंज संपतोय, कडकपणा दोन-तीन अंशांनी वाढवा. सर्व्हिस फिरत नसेल तर रबराआधी मनगट तपासा. चांगल्या रबरावर मंद मनगटाने काही होत नाही.

जपणं आणि बदलणं

प्रत्येक खेळानंतर ओल्या स्पंजने साध्या पाण्याने पुसा, वाळलं की संरक्षक फिल्म लावा. सॅनिटायझर, स्पिरिट, साबण नको, शीट कोरडी पडून चकाकते. बंद गाडीत, उन्हात बॅट ठेवू नका. दमट हॉलमध्ये चेंडूवर बाष्प धरतं आणि तो रबरावरून घसरतो. रबर खराब झालंय असं समजण्याआधी चेंडू आणि बॅट दोन्ही कोरडे पुसून पुन्हा मारून पाहा.

आठवड्याला चार-पाच तास खेळणाऱ्याचं रबर साधारण चार ते सहा महिने चांगलं टिकतं. रोज सराव करणाऱ्याचं दोन महिन्यांत उतरतं. उजेडाखाली तिरकं धरून पाहा: मधल्या भागात गुळगुळीत चकाकी आणि कडेला अजून मॅट पृष्ठभाग दिसला तर पकड गेली. मग बॅकस्पिनची छोटी सर्व्हिस करा. नव्या रबरावर दुसऱ्या टप्प्यानंतर चेंडू जाळ्याकडे परत येत असेल आणि आता तो तसाच पुढे निघून जात असेल, तर तेच रबर, त्याच जाडीचं, पुन्हा मागवायची वेळ झाली आहे.